घडीची काठी: टॉर्च आहे, सायरन आहे, धड रबर नाही

बाबांसाठी घेतली. ॲल्युमिनियमची, चार तुकड्यांत घडी होते, मुठीत टॉर्च आणि सायरनचं बटन. कंपनीचं नाव लिहीत नाही, असल्या काठ्या दहा नावांनी मिळतात.

चांगलं म्हणजे हलकी आहे आणि पिशवीत मावते, म्हणून तर बाबा न्यायला तयार झाले, नाहीतर "मी काय म्हातारा झालोय का" ठरलेलं. बसमध्ये घडी करून मांडीवर ठेवतात, कुणाच्या पायात येत नाही. उंची कमीजास्त करायला खटका आहे, पण बरेच जण आली तशीच वापरतात, तसं करू नका. रोजचे बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मुठीचा वरचा भाग मनगटाच्या रेषेपाशी आला पाहिजे. उंच राहिली तर खांदा वर चढतो, आखूड राहिली तर माणूस वाकून चालतो आणि कंबर धरते. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात! बाबांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणजे काठी डाव्या हातात, आणि काठी नि उजवा पाय एकदम पुढे. हे पटवायला फिजिओथेरपिस्ट लागली, माझं ऐकतात होय.

आता रबर. काठीच्या टोकाला जे बसवलंय ते रबर कमी नि प्लास्टिक जास्त. बिल्डिंगच्या लॉबीत नुकतीच फरशी पुसलेली, काठी सर्रकन पुढे गेली, वॉचमनने दंड धरला म्हणून निभावलं. 65 च्या पुढचे साधारण तीनात एक जण वर्षातून एकदा तरी पडतात, आणि काठी बनवणाऱ्यांना टॉर्च सुचतो पण रबर सुचत नाही, कमाल आहे. शेवटी वेगळं मऊ रबर आणून बसवलं. आणताना पाईपची जाडी मोजून न्या, सैल बसलं तर वाटेत गळून पडतं, आणि खालच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की लगेच बदला.

सायरन लिफ्टमध्ये अंगठा लागून वाजला, सगळे दचकले, बाबा इतके ओशाळले की घरी येऊन सेलच काढून टाकले. टॉर्च पण गेला त्यात, असो.

सोबतच्या कागदावर जिन्याबद्दल एक अक्षर नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, दुसऱ्या हाताने कठडा धरायचाच.

ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना पूर्ण भार टाकावा लागतो त्यांच्यासाठी ही घेऊ नका, काठीचे घडीचे सांधे थोडे खुळखुळतात. त्यांना वॉकर लागेल का ते आधी डॉक्टरांना विचारा. चार पायांची काठी पण उखडलेल्या फुटपाथवर डुगडुगते, चारही पाय टेकतच नाहीत.

5 पैकी 3 स्टार. नवीन रबरासकट 4, पण तो चौथा रबरवाल्याचा.