पिलीवरच्या एका लेक्चरसाठी घेतलेला ऑनलाइन कोर्स: चार स्टार

एमएस्सीच्या पोरांना शिकवते, त्यामुळे असले कोर्स घेताना हात आखडताच असतो. पण गोनोकोकसच्या (गनोरिया या गुप्तरोगाच्या जीवाणूच्या) पिलीवरच्या, म्हणजे त्याच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंवरच्या, लेक्चरनेच पैसे वसूल झाले.

मॅडम अजिबात घाई करत नाहीत. पिली ज्या प्रथिनाची बनते ते पिलिन; त्याचं चालू जनुक 'पिल-ई'. 'पिल-एस'च्या अर्धवट, मुक्या (स्वतः प्रथिन न बनवणाऱ्या) प्रती मात्र ढीगभर. एफए१०९० या स्ट्रेनमध्ये तर १९. डीएनएचे सारखे तुकडे जुळवणाऱ्या रेक-ए प्रथिनाच्या मदतीने मुक्या प्रतीतला तुकडा पिल-ईमध्ये उतरतो, आणि मुकी प्रत जशीच्या तशी राहते. हा एकतर्फी व्यवहार दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर असा उलगडलाय की मागच्या बाकावरच्यालाही कळावा. पिलिनचं सुरुवातीचं टोक तंतूच्या गाभ्यात दडलेलं, फारसं न बदलणारं. बाहेर दिसणारा शेवटाकडचा भाग सतत बदलता. अँटिबॉडी नेमक्या तिथेच बसतात, म्हणून जुन्या अँटिबॉडी नव्या पिलीपुढे फिक्या पडतात. अमेरिकी सैनिकांवर तपासलेली पिलीची लसही फसली; तो अहवाल १९९१चा.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. ओपा प्रथिनं (जीवाणूच्या बाहेरच्या आवरणातली) त्यांच्या जनुकातल्या सीटीसीटीटी या पाच अक्षरी डीएनए-तुकड्यांची संख्या कमीजास्त होऊन चालू-बंद होतात. यंत्रणाच वेगळी! ती पिलीच्याच माळेत ओवून पाच मिनिटांत उरकलीय. परीक्षेत पोरं हमखास घोळ घालणार.

अॅप मधेच लटकतं, ते चालवून घेतलं. नेट-सेटवाल्यांनी बिनधास्त घ्या. नोट्सचे जादा पैसे मात्र भरू नका, आकृत्या पार धूसर आहेत.