काजूची ॲलर्जी आणि चष्म्याच्या घरातले इंजेक्शन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी तातडीच्या औषधांची एक छोटी थैली तयार केली. आता जानेवारी संपत आला आहे. या नऊ महिन्यांत ही थैली आमच्याबरोबर रत्नागिरीहून वर दापोली-हर्णैपर्यंत आणि खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत फिरली, दोनदा तिची मांडणी बदलावी लागली आणि एकदा ती खरोखर उघडावी लागली. ज्यांच्या घरात अशी ॲलर्जी असलेले मूल आहे आणि ज्यांना सुट्टीत घरी बसून राहायचे नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मार्चमध्ये झाली. नणंदेकडे ओल्या काजूगरांची उसळ होती. मुलगी लहानपणापासून काजूकतली नको म्हणायची, जीभ खाजते असे सांगायची आणि आम्ही ते खाण्याचे नखरे समजत आलो होतो. त्या दिवशी आत्याचे मन राखायला तिने दोन घास जास्त खाल्ले. पंधरा मिनिटांत अंगभर पित्त उठले. सासूबाईंनी, कोकणातल्या कोणत्याही घरात करतात त्याप्रमाणे, आमसूल भिजत घालून त्याचे पाणी अंगाला लावले, मी सेट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीवरची, गोळी दिली आणि आम्ही उतार पडण्याची वाट पाहत बसलो. उतार पडला नाही. उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओठ सुजले होते. नुसत्या पित्ताला आमसुलाचे पाणी लावायला माझी हरकत नाही, पण त्या दिवशी आम्ही वाट पाहण्यात घालवलेला अर्धा तास मला आजही टोचतो. गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, मात्र बंद होत चाललेला घसा किंवा खाली येणारा रक्तदाब ती सावरू शकत नाही, त्याला ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते आणि तेही लवकर, ही गोष्ट आम्हाला नंतर कोल्हापूरच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी समजावली. त्वचेवरच्या आणि रक्ताच्या तपासणीत काजूबरोबर पिस्ताही निघाला. या दोघांची प्रथिने इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते.

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, आता पोरीचा हापूसही बंद का? प्रश्न अगदी रास्त होता, कारण आंबा आणि काजू एकाच कुळातले आहेत. डॉक्टरांनी मात्र आंब्याचा गर ती आजवर निर्धास्त खात आली असल्याने तो खुशाल खाऊ द्या असे सांगितले. आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती उठणारे फोड किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटे भाजणे हा प्रकार वेगळा असतो. मे महिन्यात तिने पेटीभर हापूस खाल्ला आणि घरातले वातावरण थोडे हलके झाले.

आता थैलीविषयी. परदेशात मिळते तसे, मांडीवर दाबले की आपोआप टोचणारे ॲड्रेनॅलिनचे पेन आम्हाला रत्नागिरीत आणि चिपळूणमध्ये मिळाले नाही. त्यामुळे डॉक्टरांनी साध्या अँप्युल, म्हणजे औषधाच्या काचेच्या बंद कुप्या, आणि १ मि.ली.च्या सिरिंज लिहून दिल्या. एका अँप्युलमध्ये १ मि.ली. म्हणजे १ मिलिग्रॅम औषध असते. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम असा सर्वसाधारण हिशेब असला, तरी आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी. आमच्याकडे तीन सिरिंज आहेत आणि तिन्हींवर त्या मात्रेच्या रेघेवर मार्करने काळी खूण केलेली आहे, कारण घाबरलेल्या माणसाला बारीक आकडे दिसत नाहीत. याशिवाय दोन अँप्युल, गोळ्या, तिला थोडा दम्याचा त्रास असल्याने इनहेलर आणि एक कार्ड, एवढेच सामान आहे.

पहिली चूक आम्ही औषध थंड ठेवण्याच्या बाबतीत केली. इन्शुलिन वापरणारे लोक पाण्यात भिजवून वापरायची एक कापडी पिशवी घेतात, तीच आम्ही ऑनलाइन मागवली. ती पाणी उडून जाण्यावर थंड होते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. मे महिन्यात गणपतीपुळ्याला ती दिवसभर ओलीच राहिली, आत थर्मामीटर ठेवला तर बाहेरच्या आणि आतल्या तापमानात जेमतेम दोन अंशांचा फरक होता आणि गोळ्यांचे पाकीट मात्र भिजून गेले. देशावर कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली चालत असेल. कोकणासाठी मी ती सुचवणार नाही. ॲड्रेनॅलिनला बर्फही नको, गोठले तर ते वाया जाते. त्याला उन्हापासून, उजेडापासून आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीपासून वाचवले की पुरते. आम्ही आता अँप्युल एका कोरड्या, रुंद तोंडाच्या छोट्या स्टीलच्या फ्लास्कमध्ये ठेवतो, महिन्यातून एकदा उजेडात धरून पाहतो आणि औषधाला गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली तर टाकून देतो. आजवर एक टाकावी लागली.

दुसरी अडचण काचेची. जूनमध्ये एक अँप्युल प्रवासात फुटली आणि आम्हाला ते घरी आल्यावर कळले, म्हणजे परतीचा सगळा प्रवास आम्ही एकाच अँप्युलवर केला होता. तेव्हापासून दोन्ही अँप्युल गॉजमध्ये गुंडाळून चष्म्याच्या जुन्या, टणक घरात असतात आणि ते घर फ्लास्कमध्ये बरोबर बसते. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली वस्तू कोणती असे विचारले तर मी हे चष्म्याचे घरच सांगेन.

अँप्युल फोडण्याचा सराव मात्र कोणीही टाळू नये. आमच्या अँप्युलच्या मानेवर एक ठिपका आहे. तो आपल्याकडे करून धरायचा आणि टोक मागच्या बाजूला मोडायचे. वाचायला हे सोपे वाटते. पहिल्या खेपेला मला फोडणे, भरणे, हवा काढणे आणि टोचणे या सगळ्याला अडीच मिनिटे लागली आणि बोट कापले ते वेगळेच. आम्ही इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्युल आणून दर रविवारी एका मोसंबीवर सराव केला. मी, मुलीचे बाबा आणि ती स्वतः. आता मला पाऊण मिनिट लागते. तिला माझ्यापेक्षाही कमी लागते.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो तिने थैली जवळ बाळगावी यासाठी. पहिली थैली लाल रंगाची होती, तिच्यावर पांढरी फुली होती आणि ती मुलीला अजिबात नको होती. मैत्रिणींबरोबर मांडवीच्या जेट्टीवर जायची तेव्हा ती थैली माझ्या पर्समध्ये सरकवून जायची आणि मी घरी पर्स उघडली की माझ्या पोटात गोळा यायचा. मी रागावले, समजावले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी तोडगा तिनेच काढला. तिने मोबाइल ठेवायची खांद्याला अडकवायची साधी काळी बॅग घेतली आणि औषधे मोबाइलच्याच कप्प्यामागे ठेवली. पंधरा वर्षांची मुलगी मोबाइल विसरून बाहेर जात नाही, त्यामुळे इंजेक्शनही विसरले जात नाही. जुलैपासून आजपर्यंत ती एकदाही थैलीशिवाय बाहेर गेलेली नाही. तिच्या दोन मैत्रिणींनाही तिने मोसंबीवर टोचायला शिकवले, ते मला नंतर कळले.

हॉटेलांच्या बाबतीत आमचा समज अगदी उलटा निघाला. मला वाटायचे की मालवणी ठिकाणी धोका जास्त आणि पंजाबी भाजी मागवली की सुरक्षित. प्रत्यक्षात सुरमईची थाळी, ओल्या नारळाचे वाटण आणि सोलकढी यांत सहसा काजू नसतो. तो असतो पनीर आणि चिकनच्या त्या गुळगुळीत लाल-पांढऱ्या रश्श्यात. पुन्हा ‘काजू आहे का?’ असे विचारले की वाढणारा मुलगा मनाने अख्खे काजू शोधतो आणि प्रामाणिकपणे नाही म्हणतो. म्हणून आम्ही आता ‘ग्रेव्ही कशाची आहे, मगज की काजूची पेस्ट?’ असे विचारतो (मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बिया), आणि बहुतेक ठिकाणी तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. कार्डही याचसाठी आहे. पहिले कार्ड लांबलचक होते आणि कोणी ते वाचत नसे. आताच्या कार्डावर एवढेच आहे: ‘मला काजू व पिस्त्याची जीवघेणी ॲलर्जी आहे. पेस्ट, पूड, सजावटीचा तुकडासुद्धा चालत नाही. काजू काढून टाकला तरी पदार्थ चालत नाही. कृपया आचाऱ्यांना दाखवा.’ तिसरे वाक्य आम्ही गणपतीनंतर घातले.

आमच्या वाडीत आरतीला एका संध्याकाळी आठ-दहा घरे होतात आणि प्रत्येक घरी हातावर प्रसाद पडतो. ‘काजू बाजूला काढून देते हो तिला’ असे प्रत्येक काकू मायेने म्हणत. पण शिऱ्यात तुपात परतलेल्या काजूचा अंश सगळ्या शिऱ्यात उतरलेला असतो, आणि प्रसादाला नाही कसे म्हणायचे हा पेच मोठ्यांनाही सुटत नाही. मुलीने आजीला विचारून मार्ग काढला: प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, बाबांच्या हातावर ठेवायचा आणि हात साबणाने धुवायचे. स्वतःसाठी घरचे उकडीचे मोदक डब्यात असायचे. सासूबाईंनी त्या वर्षी घरातल्या नैवेद्यातही काजू घातला नाही.

थैली उघडावी लागली ती दिवाळीच्या सुट्टीत. रत्नागिरीहून जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर आणि मग धोपाव्याहून दाभोळ असा किनाऱ्याचा बेत होता. वाटेत एका ठिकाणी ओल्या नारळाच्या वड्या घेतल्या. वेष्टन असलेल्या खाद्यपदार्थावर ॲलर्जीचे घटक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या वडीवर काय लिहिलेले असणार? आम्ही विचारले, समोरच्या बाईंनी नारळ, साखर, दूध सांगितले. वडी घट्ट होण्यासाठी काजूची पूड घातलेली होती, हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हते.

धोपाव्याला बोटीच्या रांगेत गाडी उभी असताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, “आई, तळहात खाजतायत.” मी मागे वळले. तिने एकदा खोकून घसा साफ केला आणि पुन्हा बोलली तेव्हा आवाज बदललेला होता. तिने स्वतःच बॅग उघडून चष्म्याचे घर माझ्या हातात दिले. मार्चमध्ये आम्ही अर्धा तास थांबलो होतो. या वेळी पित्त उठेपर्यंतही थांबलो नाही. मी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सलवारीवरूनच इंजेक्शन दिले. तिला सीटवर आडवे केले आणि पाय माझ्या मांडीवर उंच घेतले. उलटी आली तेव्हा कुशीवर वळवले, पण उठून बसू दिले नाही, कारण अशा वेळी एकदम उभे राहिल्याने रक्तदाब कोसळू शकतो. तिच्या बाबांनी १०८ ला फोन लावला. समोर बोट येत होती आणि रांगेतले लोक आम्हाला पुढे सोडायला तयार होते, पण पाण्याच्या मधोमध दुसरे इंजेक्शन देण्याची वेळ यायला नको म्हणून आम्ही गाडी गुहागरकडे वळवली. दुसरी सिरिंज भरून मी हातात धरली होती. सहा-सात मिनिटांत तिचा आवाज मोकळा झाला आणि ती सिरिंज लागली नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर ती अगदी ठीक दिसत होती आणि आम्हाला लगेच निघावेसे वाटत होते. डॉक्टरांनी रात्रभर थांबवून घेतले ते बरे झाले. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी, पुन्हा काही न खाताही, दुसरा येऊ शकतो. तिला रात्री अकराच्या सुमारास पुन्हा पित्त उठले आणि खोकला सुरू झाला. ती तेव्हा रुग्णालयातच होती, त्यामुळे लगेच उपचार मिळाले.

उणिवाही सांगते. अँप्युल आणि सिरिंज ही व्यवस्था स्वस्त आहे, पण मूल एकटे असताना, हात थरथरत असताना ती स्वतःवर वापरणे अवघड आहे. पेन मिळत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्यावे. औषधाच्या मुदतीची तारीख लक्षात ठेवावी लागते, आम्ही ती कॅलेंडरवर लिहितो. वापरलेल्या सुया टाकायला घरात जाड प्लास्टिकचा बंद डबा लागतो. समुद्रात उतरताना थैली किनाऱ्यावर कोणाकडे द्यायची हे आधी ठरवावे लागते, आणि जेवल्यावर लगेच पोहणे आम्ही बंद केले आहे, कारण श्रमाने ॲलर्जीचा झटका वाढू शकतो.

दाभोळचा राहिलेला बेत आम्ही डिसेंबरमध्ये पुरा केला. बोटीत ती कठड्याला टेकून उभी होती, काळी बॅग खांद्याला होती, आणि वाशिष्ठीचे पाणी ओलांडेपर्यंत मी एकदाही तिला बॅग आहे ना असे विचारले नाही.