मानसशास्त्राचे एम.ए. : विद्यापीठाचा विभाग की महाविद्यालय?

चिकित्सालयीन मानसशास्त्रात एम.ए. करायचे ठरल्यावर माझ्यासमोर अखेरीस दोनच ठिकाणे उरली होती : एका विद्यापीठाचा जुना, नावाजलेला विभाग आणि दुसऱ्या शहरातील एक स्वायत्त महाविद्यालय. दोन्हीकडे मी एकेक दिवस घालवला. नावे मुद्दाम देत नाही, आणि शुल्क, प्रवेशपरीक्षा, वसतिगृह हे तपशील माहितीपत्रकात मिळतातच.

प्रथमदर्शनी विद्यापीठाचे पारडे जड होते. ग्रंथालय समृद्ध, पीएच.डी.चे मार्गदर्शक एकाच मजल्यावर भेटणारे, आणि संख्याशास्त्राचे अध्यापन असे की पदवीच्या तीन वर्षांत न उलगडलेले घटक विश्लेषण मला तेथील एका तासात बऱ्यापैकी समजले. नेट देऊन संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी फार विचार न करता तेथेच जावे, असे मी आजही म्हणेन. महाविद्यालयाकडे दोन खोल्या होत्या आणि नियतकालिकांचे कपाट अर्धे रिकामे होते.

माझा निर्णय मात्र दुसऱ्याच एका कपाटावरून झाला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चाचण्यांच्या कपाटाला कुलूप होते. कुलपाबद्दल तक्रार नाही. शाईच्या डागांची रोर्शाकची दहा कार्डे वाटेल त्याच्या हाती पडू लागली तर त्या चाचणीत राम उरणार नाही. तक्रार किल्लीबद्दल आहे. ती एकाच प्राध्यापकांकडे असे, ते त्या दिवशी बाहेरगावी होते, आणि हे नेहमीचेच असल्याचे द्वितीय वर्षाचे विद्यार्थी सांगत होते. ते चाचण्या झेरॉक्सवरून शिकत. एकाने आपले प्रात्यक्षिकाचे जर्नल मोकळेपणाने दाखवले. भाटिया संच या बुद्धिमत्ता चाचणीतील ठोकळ्यांच्या आकृत्या जुळवायला प्रयुक्ताला, म्हणजे चाचणी देणाऱ्याला, किती सेकंद लागले याचा तक्ता त्यात होता, आणि जवळजवळ प्रत्येक आकडा शून्यावर किंवा पाचावर संपत होता. स्टॉपवॉच लावून घेतलेल्या वेळा इतक्या गोल येत नाहीत. पानाखाली तपासल्याची सही होती.

ज्याने हा संच एकदा तरी कोणाला दिला आहे, त्याला माझी अस्वस्थता कळेल. घड्याळ सुरू करायचे, आकृती पुढे ठेवायची, वेळ टिपायची आणि त्याच वेळी समोरचे मूल कंटाळले आहे की घाबरले आहे याकडेही लक्ष ठेवायचे, ही कसरत झेरॉक्सवरून कशी यावी?

महाविद्यालयातही कुलूप होतेच. पण शेजारी एक जाड नोंदवही होती. विद्यार्थ्याने नाव, चाचणी आणि वेळ लिहून सही करायची, सहायकाकडून किल्ली घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत संच परत ठेवायचा. मी पाहिलेल्या पानावर भाटिया संच एकाच आठवड्यात सहा जणांनी नेला होता, आणि ठोकळ्यांच्या कडांचा रंग उडाला होता. मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणीही वापरून वापरून मऊ पडली होती.

प्रत्यक्ष चाचणीचे काम पुढे शिकता येते, असे मला अनेकांनी सांगितले. नुसत्या एम.ए.वर कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीसाठी त्यापुढचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण, मुख्यतः एम.फिल., लागते, हे खरेच आहे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केले, चिकित्सालयीन मानसशास्त्राला नंतर मिळाली ती सवलतही मुदतीपुरतीच, आणि बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था किंवा रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था येथे जागा मोजक्याच असतात. आमच्यापैकी बरेच जण एम.ए.नंतर थेट शाळांत समुपदेशक म्हणून लागतात. त्यांच्या हाताला जे वळण लागायचे, ते या दोन वर्षांतच लागते.

एका दिवसाच्या भेटीवरून विभागाची पारख करणे कदाचित अन्यायाचे असेल, आणि मी गेलो तो दिवसच वाईट असण्याचीही शक्यता आहे. तरीही दोहोंत निवड करणाऱ्याने प्रात्यक्षिकाच्या वारी जावे, विभागप्रमुखांना भेटण्याआधी एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल मागावे आणि सेकंदांच्या रकान्यातील शेवटचे अंक पाहावेत. मी महाविद्यालय निवडले. तेथे शोधप्रबंधासाठी मार्गदर्शक मिळायला मला पहिले वर्ष संपेपर्यंत थांबावे लागले, आणि संख्याशास्त्र मी त्या विद्यापीठात गेलेल्या एका मित्राच्या वह्यांवरून शिकलो.