तीन दिवसांत उतरलेली लाली आणि २२,३०० रुपये

नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या पाच महिन्यांत पंचवटीतील एका स्वयंघोषित वैद्याने ‘शुद्ध वनस्पतींचे तेल आणि लेप’ म्हणून माझ्याकडून २२,३०० रुपये घेतले, आणि त्याने माझ्या चेहऱ्याची जी दशा केली ती निस्तरण्यासाठी मला पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे अनेक महिने खेटे घालावे लागले. हे लिहायला मला लाज वाटते. परंतु तीच पांढरी डबी अलीकडे आमच्या इंदिरानगरमधील एका ओळखीच्या बाईंच्या कपाटात मला दिसली, तेव्हा गप्प बसणे हा त्या माणसाला हातभार लावण्याचाच प्रकार ठरेल, असे वाटून लिहावयास बसले.

मला सेबोरिक डर्मटायटिस आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांमध्ये लाल चट्टे उठतात, त्यांवर तेलकट, पिवळसर खपल्या धरतात, आणि निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या की माझा चेहरा सोलवटू लागतो. पहिल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की हा आजार पुन्हा पुन्हा डोके वर काढणारा आहे, तो ताब्यात ठेवता येतो, परंतु एकदाच औषध घेऊन कायमचा संपत नाही. हे खरे होते आणि खरे असल्यामुळेच ऐकवत नव्हते. मी त्यांची औषधे अर्धवट सोडली आणि घरगुती उपायांकडे वळले. सासूबाईंनी खोबरेल सुचवले, मी स्वतः ऑलिव्हचे तेल आणले, साय-हळद झाली, लिंबूही चोळून झाले. तेलाने खपल्या मऊ होऊन सुटतात, दोन दिवस चेहरा स्वच्छ दिसतो, आणि मग लाली दुपटीने परत येते. याचे कारण मला फार उशिरा कळले. या आजारात त्वचेवरच्या मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा मोठा वाटा असतो. तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, ती आपल्या त्वचेतील तेलावर जगते. ऑलिव्ह, बदाम, तीळ यांच्या तेलांतून तिला आयतेच खाद्य मिळते, आणि तेल फोडताना सुटणारे ओलेइक आम्ल त्वचेचा दाह वाढवते. म्हणजे ज्याला मी उपचार समजत होते, तेच मी रोज रात्री त्या बुरशीला वाढत होते.

अशा थकलेल्या अवस्थेत शेजारच्या काकूंनी त्या माणसाचा पत्ता दिला. काकूंना मी दोष देत नाही. त्यांच्या मुलीचा चेहरा तेव्हा खरोखरच उजळलेला होता.

१४ नोव्हेंबरला मी गेले. तपासणी, तेल आणि लेप मिळून १,९०० रुपये झाले. त्याने माझी नाडी पाहिली, “ताई, रक्तात उष्णता आहे, डॉक्टर वरवरचे दाबतात, आपण मुळापासून काढू,” असे सांगितले, आणि कागदी पुडक्यातून दोन वस्तू दिल्या. पावती मागितल्यावर “औषधाची कसली पावती, ताई, सेवा आहे ही,” असे उत्तर मिळाले. मोबाइलवरून पैसे भरताना पडद्यावर कोणा वेगळ्याच बाईचे नाव आले, तर ते ‘घरच्यांचे खाते’ निघाले. मी मान डोलावली.

आता जे सांगते ते मला अजूनही झोपू देत नाही. घरी येऊन मी डबी उघडली, तर लेप पांढराशुभ्र होता. वनस्पतींचा लेप म्हटला की तो हिरवट असतो, तपकिरी असतो, त्याला झाडपाल्याचा उग्र वास येतो, बोटाला कण लागतात. हा ट्यूबमधल्या मलमासारखा गुळगुळीत होता आणि त्याला गुलाबाच्या अत्तराचा वास होता. डबीवर गणपतीचे चित्र आणि ‘१००% नैसर्गिक’ एवढेच छापलेले होते. घटकांची यादी, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख यांपैकी काहीही त्यावर नव्हते. मी द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये गेली अकरा वर्षे हिशेब पाहते. युरोपला जाणाऱ्या पेटीवरचा क्रमांक पाहून आतील द्राक्षे कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या बागेतली हे आमच्याकडे सांगता येते, आणि कागद अपुरा असेल तर मी माल पुढे जाऊ देत नाही. तीच मी, कोणी कोठे बनवली याचा पत्ता नसलेली वस्तू दिव्याखाली उलटसुलट पाहून, डोळ्यांपासून दोन बोटांवर चोळून झोपले.

तीन दिवसांत लाली गेली, खाज थांबली. मला तो साक्षात्कार वाटला. ज्या चेहऱ्याला वर्षानुवर्षे झाडपाल्याने गुण आला नव्हता, त्याला तीन दिवसांत कशाने गुण आला असेल, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाच नाही. इतक्या झटपट दाह दाबणारे औषध म्हणजे बहुधा स्टेरॉइड, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा मात्र मी ५ डिसेंबरला जाऊन तीन महिन्यांच्या ‘कोर्स’चे १०,५०० रुपये एकरकमी भरले, कारण ९०० रुपयांची सवलत होती.

जानेवारीत सांगलीला लग्नाला गेले आणि डबी घरी विसरली. तिसऱ्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, पाणी लागले तरी झोंबू लागले, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. परतल्यावर त्याला दाखवले तर म्हणाला, “ही तर औषध लागू पडल्याची खूण आहे, ताई, आतली उष्णता बाहेर पडते आहे.” त्या उष्णतेसाठी त्याने रक्तशुद्धीच्या काढ्याच्या चार बाटल्या, प्रत्येकी ६४० रुपये, म्हणजे २,५६० रुपयांना माझ्या गळ्यात मारल्या. औषध थांबवताच आजार उसळतो आणि लावताच शमतो, एवढ्यावरूनच मी ओळखायला हवे होते. फेब्रुवारीत ‘दुसऱ्या टप्प्याचे तेल’ २,३४० रुपयांना घेतले. १० मार्चला ‘विशेष शोधना’साठी ५,००० रुपये दिले, तेही रोख. २० मार्चला गेले तर खोलीला कुलूप होते आणि त्याचा फोन बंद होता.

मी अडाणी नाही, लोभीही नाही. भर हंगामात, पाहुण्या खरेदीदारांसमोर सोलवटलेला चेहरा घेऊन उभे राहणे काय असते हे ज्याने भोगले नाही, त्याने “तुला कळले कसे नाही” असे मला विचारू नये.

त्वचारोगतज्ज्ञांनी गालांवरच्या जाळीसारख्या दिसणाऱ्या बारीक लाल वाहिन्या आणि पातळ पडलेली त्वचा पाहून पहिल्याच भेटीत सांगितले की हा तीव्र स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा आहे. क्लोबेटासॉलसारखी मलमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्याने असे होते, आणि असे चेहरे इतके येतात की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळे नावच दिले आहे. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियमही कडक केले. तेच औषध डबीत भरून वर गणपतीचे चित्र लावले की नियम कोणाला आडवा येणार? बुरशीसाठी केटोकोनॅझोल, दाहासाठी स्टेरॉइड नसलेले टॅक्रोलिमस, आणि तेल पूर्ण बंद, असे उपचार झाले. सहा भेटींचे ३,००० आणि औषधांचे ४,२१५ रुपये लागले, त्यामुळे एकूण फटका २९,५१५ रुपयांचा बसला.

यानंतर मी तक्रार करायला निघाले, आणि खरे सांगायचे तर वैद्याने जेवढे छळले नाही तेवढे या वणवणीने छळले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी “तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, मग फसवणूक कशी?” असे विचारण्यात आले. तिसऱ्या दिवशी एका हवालदाराने माझ्या तोंडाकडे पाहून “आता तर बरे दिसते आहे की,” असे म्हटले. तेथून मला एका सरकारी कार्यालयात पाठवण्यात आले. तेथील खिडकीवर माझा अर्ज परत करण्यात आला, कारण बॅच क्रमांकाचा रकाना रिकामा होता. डबीवर बॅच क्रमांक नाही हीच माझी तक्रार आहे, हे मी चार वेळा, चार निरनिराळ्या टेबलांवर सांगितले. एकाने हे सौंदर्यप्रसाधन असल्याचे सांगून पलीकडे धाडले, पलीकडच्याने हे आयुर्वेदिक औषध असल्याचे सांगून अलीकडे धाडले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ प्रमाणे खरेदीदाराला शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तर “आमच्याकडे असे कोणी येत नाही,” हे उत्तर मिळाले. सात आठवड्यांनी पत्र आले: ‘सदर पत्त्यावर संबंधित इसम आढळून न आल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ तो पळाला आहे, हे मी अर्जाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिले होते. ते वाचायला त्यांना सात आठवडे लागले.

‘मुळापासून’ आणि ‘कायमचा’ हे शब्द कानी पडताच उठून बाहेर या. वैद्यांना महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या वैद्यांना त्याचा राग येत नाही. माझ्या वर्गमैत्रिणीचे यजमान नोंदणीकृत वैद्य आहेत आणि माझी डबी पाहून सर्वांत जास्त संताप त्यांनाच आला. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना आणि बॅच क्रमांक असावेच लागतात. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा. मी तेरा दिवस विचार करत बसले. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. माझा अर्ज आता तेथे आहे.

आणि ज्यांच्या घरी आजही ती पांढरी डबी आहे त्यांनी ती घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण घाबरून एकदम थांबवल्यास चेहरा उसळतो आणि माणूस पुन्हा त्याच डबीकडे वळतो. डबी फेकून देऊ नका. माझ्या डबीत बोटभर लेप शिल्लक आहे. तिच्यावर तारीख लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मी ती सीलबंद ठेवली आहे, आणि आयोगाने तपासणीचा आदेश दिला की ती तशीच प्रयोगशाळेत जाईल.