चार ठिकाणी चाखायचं की एकाच ठिकाणी जेवायचं? दोघांच्या प्रवासासाठी तुलना

मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर अनोळखी गावात उतरलात, हाताशी एक दुपार आहे आणि आजूबाजूला कॅफे नि छोटी हॉटेलं भरपूर आहेत. मग प्रश्न पडतो: प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं खात तीन-चार जागा पालथ्या घालायच्या, की एक जागा नीट निवडून पोटभर जेवायचं? दोघं असलं की चाखत फिरणं सोपं जातं, कारण एका प्लेटचे दोन वाटे होतात. तरी दर वेळी तेच योग्य ठरेल असं नाही.

आधी वेळेचं बघू, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. थोडंच खायचंय म्हणजे पटकन होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात जागा मिळून ऑर्डर जाईपर्यंत १० मिनिटं, पदार्थ यायला १५, खायला १५, बिलाला ५ ते १० आणि पुढच्या ठिकाणी चालत जायला १० मिनिटं. म्हणजे एका थांब्याला तास गेला. चार थांब्यांना अख्खी दुपार लागते. एका जागी निवांत जेवलात तरी दीड तासात मोकळे होता. संध्याकाळची गाडी असेल किंवा खांद्यावर सामान असेल, तर चाखत फिरण्याचा बेत सोडून द्या. चार वेळा बॅगा टेबलाखाली ढकलायच्या नि चार वेळा उचलायच्या, त्यात एखादी मागे राहते.

आता चव. माझ्या मते निवड खरी इथे व्हायला हवी. दोन घासांत जोरकस चव बाजी मारते: जास्त मीठ, जास्त गोड, जास्त तळलेलं. तोच पदार्थ अख्खी प्लेटभर खाताना सातव्या-आठव्या घासाला नकोसा होतो. उलट, बेताच्या चवीचा पदार्थ दोन घासांत फिका वाटतो आणि प्लेट संपेपर्यंत आवडायला लागतो. म्हणून गावात काय काय मिळतं, कुठे काय बरं आहे, याचा अंदाज घ्यायचा असेल तर चाखा. एखाद्या स्वयंपाकघराचा हात कसा आहे हे कळायला हवं असेल तर बसून जेवा. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले पदार्थ, त्या दिवशीची खास थाळी, निवल्यावर पदार्थ कसा लागतो, हे सगळं जेवणातच कळतं.

चाखायचं ठरलं तर क्रम पाळा. सौम्य आधी, तिखट नंतर, गोड शेवटी. पहिल्याच ठिकाणी तिखट खाल्लंत तर पुढच्या दोन जागांची चव कळणार नाही. तिखटाचा जाळ पाण्याने जात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

कॉफीची तुलना करायची तर सगळीकडे एकच प्रकार मागवा, तोही शक्यतो दूध-साखरेविना. एकीकडे सिरप घातलेली आणि दुसरीकडे काळी, अशी तुलना कशाचीच होत नाही. कप आल्याआल्या घोट घेऊ नका. जीभ पोळली की पुढचे कप वाया गेले. वाफ कमी होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. जरा निवली की आंबटपणा, कडवटपणा आणि जळकट वास वेगवेगळे ओळखू येतात. पूर्ण गार झाल्यावर एक शेवटचा घोट घ्या. चांगली कॉफी तेव्हाही पिण्यासारखी राहते.

पोटाचं गणित कडक ठेवावं लागतं. नियम एकच: एका थांब्यावर दोघांत एक प्लेट आणि एक कप. चार थांब्यांनंतर प्रत्येकाच्या पोटात दोन प्लेटा जातात, म्हणजे जवळपास एक जेवण. पहिल्या ठिकाणी भुकेच्या भरात दोघांनी वेगवेगळी प्लेट मागवली की दुसऱ्या जागेपासूनच सुस्ती येते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. त्यात चव बदलली की भूक पुन्हा चाळवते. १९८१ मध्ये आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. एकाच पदार्थाचा कंटाळा येतो, नव्या पदार्थाचा नाही. त्यामुळे चाखत फिरताना नकळत जास्त खाल्लं जातं.

कॅफिनचंही तसंच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. गरोदरपणात दिवसाची मर्यादाच २०० आहे. एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम असतं, मोठ्या मगात त्याहून जास्त. कप वाटून घेतलात तर चार कॅफे सहज निभतात. मात्र कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात. संध्याकाळी ५ वाजताच्या कपातलं निम्मं रात्री १० ला अंगात असतंच, म्हणून कॉफीचे थांबे दुपारी ३ च्या आत उरका.

पैशांत चाखणं स्वस्त पडेलच असं नाही. काही ठिकाणी माणशी किमान ऑर्डर असते, काही ठिकाणी बसण्याचा किंवा सेवेचा आकार लागतो, आणि तो चार वेळा भरावा लागतो. बसण्याआधी विचारा, ‘दोघांत एक प्लेट चालेल ना?’ नाही म्हणाले तर उभं राहून काउंटरवर खाता येतं का बघा. परदेशात कार्डाच्या यंत्रावर तुमच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर सहसा महाग पडतो. हिशेबासाठी सकाळीच सारखी कॉन्ट्री काढून एका पाकिटात ठेवा आणि सगळी बिलं त्यातूनच भागवा. टेबलागणिक वाटण्या करत बसलं की दुपारपर्यंत कुरबुर सुरू होते.

दोघांपैकी एकाला अ‍ॅलर्जी असेल, किंवा एक जण शाकाहारी असेल, तर मी सरळ जेवणाच्या बाजूने. एकाच स्वयंपाकघरात नीट चौकशी करता येते: तळायचं तेल वेगळं आहे का, रस्सा कशाचा आहे, झारा-उलथणं तेच वापरतात का. हेच चार ठिकाणी, गर्दीत, परक्या भाषेत विचारायचं म्हटलं की चौथ्या वेळी कंटाळून सोडून दिलं जातं. धोका तिथेच असतो. जे चालत नाही ते स्थानिक भाषेत लिहून फोनमध्ये ठेवा नि वेटरला दाखवा. एकाला सर्दी-खोकला असला तरी एका कपातून पिणं नकोच.

जेवण मोठं झालं आणि उरलेलं बांधून घेतलंत, तर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. खोलीत फ्रीज नसेल तर भाताचं पार्सल घेऊच नका. शिजलेला भात उबेत राहिला की त्यातले जिवाणू वाढून विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही.

मुक्काम दोन दिवसांचा असेल तर पहिल्या दुपारी चाखून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका जागी जेवायला बसा. निवडताना सगळ्यात झणझणीत कुठे होतं हे आठवू नका. दोघांनी प्लेट कुठे पुसून खाल्ली ते आठवा. जायच्या आधी स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारून ठेवा. दारावर लिहिलेली वेळ दुकानाची असते, शेवटची ऑर्डर बहुधा त्याच्या अर्धा-एक तास आधीच घेतात.