फुकटचं वर्ड फाइंडर ॲप: वर्डलला मस्त, स्क्रॅबलला आधी सेटिंग बघा

ॲपचं नाव देत नाहीये. प्ले स्टोअरवर वर्ड फाइंडर टाकलं की एकसारख्या नावांची आणि एकसारख्या आयकॉनची रांगच लागते, आणि आतून बहुतेक सगळी सारखीच, त्यामुळे मी जे लिहितेय ते तुमच्या फोनमध्ये जे असेल त्यावर तपासून बघा.

काम इतकंच की आपण इंग्रजी अक्षरं टाकायची, ते शब्द काढून देतं. पण शोधायचे प्रकार दोन आहेत आणि लोक पहिल्यावरच थांबतात. पहिला म्हणजे हातात सात अक्षरं आहेत, त्यांच्यातून काय काय बनतं. दुसरा म्हणजे ही-ही अक्षरं शब्दात पाहिजेतच, बाकी कुठलीही चालतील. हा दुसरा प्रकार या ॲपमध्ये मेनूत पार खाली दडवलाय आणि माझ्या मते पैसे वसूल तिथेच होतात, म्हणजे फुकटच आहे, पण तरी.

वर्डलचं उदाहरण घ्या. रोज एक लपलेला इंग्रजी शब्द ओळखायचा, पाच अक्षरं, सहा चान्स, अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं होतं. समजा शेवटचे आय-जी-एच-टी हिरवे झाले, आता खुश व्हायचं की रडायचं? लाइट, फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट, सगळेच बसतात, एकेक करून बघत बसलात तर चान्स संपतात. इथे ॲपला म्हणायचं की एफ, एल आणि एम तिन्ही असलेला पाच अक्षरी शब्द दे. ते फ्लेम देतं. फ्लेम हे उत्तर असूच शकत नाही पण ते टाकलं की एका झटक्यात फाइट, लाइट, माइट आणि एट (त्यातला ई पण आला ना) चारींचा निकाल लागतो. फक्त हार्ड मोड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात. आमच्या लोकमान्य नगरातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हे टाकलं तर दोघींनी चीटिंग म्हटलं आणि बाकीच्यांनी गुपचूप ॲप उतरवलं.

आता स्क्रॅबल, बोर्डवर अक्षरं लावून शब्द बनवायचे आणि पॉइंट मिळवायचे तो खेळ. इथे मात्र गडबड आहे. रविवारी पोहे-जिलबी झाली की आमच्याकडे बोर्ड निघतो, आत्या इंग्रजी शिकवायची त्यामुळे तिच्यासमोर उगाच काहीतरी शब्द लावून चालत नाही. खेळ चालू असताना ॲप बंद, फक्त कोणी शब्दाला चॅलेंज केलं तरच उघडायचं असा नियम आहे. आणि तेव्हाच कळलं की ॲप कुठली यादी वापरतं यावर सगळं आहे. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या मुख्य याद्या जगात दोन, अमेरिका-कॅनडावाल्यांची वेगळी, आणि बाकी बऱ्याच देशांत कॉलिन्स डिक्शनरीवाल्यांची. कॉलिन्सच्या 2019 च्या यादीत पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत, अमेरिकन यादी दोन लाखांच्या आत. या ॲपमध्ये आधीपासून अमेरिकन लावलेली असते आणि ते कुठे मोठ्या अक्षरात सांगत पण नाही. आत्याने झेड-ओ लावलं, झो, म्हणजे हिमालयातलं याक आणि गाय यांचं मिश्र जनावर, ॲप म्हणे असा शब्दच नाही. आत्या म्हणाली, "अगं, तुझ्या फोनला सांग आधी नीट शिकून ये." सेटिंगमध्ये जाऊन कॉलिन्स केलं, लगेच झो बरोबर.

ॲप जुनं आहे का ते बघायची सोपी टेस्ट सांगते. क्यू-आय टाका. हा ची, चिनी लोक प्राणशक्तीला म्हणतात तो, अमेरिकन यादीत 2006 मध्ये आला. ॲप नाही म्हणालं तर काढून टाका, यादी त्याच्याही आधीची आहे. आणि हा शब्द माहीत असणं म्हणजे मोठी गोष्ट आहे हो, क्यूचे 10 पॉइंट, तो ट्रिपल लेटरवर (अक्षराचे पॉइंट तिप्पट करणारं घर) पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झालं तर दोन अक्षरांत 62! यू नसताना क्यू हातात घेऊन रडणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी "क्यू आहे, यू नाही" असा फिल्टर लावून बघावा. आपला फकीर पण क्यूने लिहिलेला सापडतो, आपल्याला पाठ करायची पण गरज नाही.

व्हीचं दुखणं वेगळंच. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द दोन्ही याद्यांत एकही नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत हातात चिकटून राहतो. ॲपवर तीन अक्षरी शोधले तर कॉलिन्समध्ये एस-ई-व्ही निघालं. सेव! इंदूरच्या माणसाला आणखी काय पाहिजे. लाख, करोड, लाठी, रोटी, डोसा पण चालतात, हे मुलांना दाखवा, इंग्रजीची भीती जरा कमी होते.

वैताग म्हणजे जाहिराती. शब्दाचा अर्थ बघायला टच केलं की व्हिडिओ सुरू, तोवर समोरचा चहा करून येतो. अर्थ पण एका ओळीचा, बऱ्याच शब्दांना तर नाहीच. रिझल्ट आधी ए ते झेड लावून येतात, पॉइंटप्रमाणे पाहिजे तर दर वेळी बदलावं लागतं, लक्षात ठेवत नाही. प्रीमियम घेतलं तर जाहिराती जातात म्हणतात, मी घेतलं नाही.

पाचपैकी साडेतीन. रोज वर्डल खेळत असाल तर घ्याच, स्क्रॅबलवाल्यांनी यादी बदलल्याशिवाय कोणाशी भांडू नये. लॉगिन मागितलं तर स्किप करा, त्याशिवाय सगळं चालतं.