गोव्याच्या दमट हवेत काय टिकते: तंबू, स्वॅग की कॅम्पर ट्रेलर?

गोव्यात तंबू वापरून कमी आणि ठेवून जास्त खराब होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या काळात माळ्यावर टाकलेली कापडी वस्तू बुरशी धरल्याशिवाय राहत नाही. मुलाबाळांसह रानात, नदीकाठी किंवा एखाद्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) दोन रात्री काढायच्या म्हणून सामान घेणाऱ्याने आधी हा हिशेब करावा: वर्षात फार तर दहा रात्री ते उघडणार, उरलेल्या साडेतीनशे रात्री ते घरात कुठे राहणार?

आमचे मत आधीच सांगतो. आईवडील आणि दोन मुले असतील, तर सहा जणांचा, दुहेरी कापडाचा पॉलिएस्टर तंबू घ्यावा. स्वॅग एखाद्या मोठ्या मुलापुरता ठीक आहे. कॅम्पर ट्रेलर विकत घेऊ नये.

स्वॅग म्हणजे ऑस्ट्रेलियाची वळकटी. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात पायी फिरणारे तिकडचे मजूर आपला बिछाना गुंडाळून खांद्यावर न्यायचे. त्याच वळकटीला आज कॅनव्हास, फोम आणि कमानीच्या काठ्या लागल्या आहेत. दोघांचा स्वॅग साधारण १४० ते १५० सेंटिमीटर रुंद आणि २१५ सेंटिमीटर लांब असतो. खाली पाच ते सात सेंटिमीटरचा फोम, तळाला जाड पीव्हीसी, वर दर चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे सूत-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास. वजन १५ ते २० किलो. फोम उत्तम असतो, पाठ दुखत नाही, आणि पाच मिनिटांत अंथरूण तयार. कोरड्या, थंड रात्रीच्या प्रदेशात याला तोड नाही.

इथे मात्र गणित उलटते. पणजीत जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा २० अंशांच्या आसपासच थांबतो, आणि हवा दमट. जाड कॅनव्हासच्या त्या बुटक्या बोगद्यात दोन माणसे झोपली की घाम फोममध्ये उतरतो, आणि पहाटेचे दव बाहेरून कॅनव्हास भिजवते. ओला स्वॅग गुंडाळून घरी आणला आणि दोन दिवस तसाच राहिला, की कापडात काळे ठिपके उठतात. ते धाग्याच्या आत गेलेले असतात. ब्लीच घातले तर ठिपके फिके होतील, पण कापडावरचा पाणीरोधक लेपही जाईल आणि धागा कच्चा होईल. एवढा जाड फोम गच्चीवर उन्हात उभा करून पूर्ण वाळायला एक दिवस पुरत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ही जागा आधी मोजावी.

लहान मुले असतील, तर आणखी एक अडचण. चौघांसाठी दोन स्वॅग लागतात, म्हणजे मुलांचे अंथरूण वेगळ्या चेनच्या आड. पाच-सहा वर्षांचे मूल मध्यरात्री दचकून उठले, तर त्याच्यापर्यंत पोचायला दोन चेनी उघडून अंधारात बाहेर यावे लागते. गुंडाळलेले दोन स्वॅग प्रत्येकी जवळपास दीड मीटर लांब. छोट्या गाडीच्या डिकीत ते आडवे बसत नाहीत, मागची सीट पाडावी लागते. मग मुले कुठे बसणार?

तिसरी गोष्ट गंभीर आहे. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार जंगलातल्या गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका आपल्या मुक्कामाच्या हंगामात. स्वॅगला ओटा नसतो. बूट काढायला, कपडे बदलायला पालापाचोळ्यातच बसावे लागते, आणि गोचिडींची जागा तीच. तंबूच्या पुढच्या पडवीत ताडपत्री अंथरून हे टाळता येते. तंबू असो वा स्वॅग, सत्तरीच्या रानात पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि आत शिरण्याआधी मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे आणि काखेत टॉर्च मारून बघणे, यात सूट नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःची जागा हवी असेल, तर सिंगल स्वॅग जरूर घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत चोर्ला घाटाच्या माथ्यावर तो छान चालतो. नवा स्वॅग मुक्कामाला नेण्याआधी अंगणात उघडून होजने चिंब भिजवायचा आणि कडक उन्हात वाळवायचा, असे दोन-तीन वेळा. शिवणीची छिद्रे सुताचा धागा फुगून बंद होतात. हे न केल्यास पहिल्या सरीला शिवणीतून थेंब पडतात आणि माल सदोष निघाला असा समज होतो.

ट्रेलरबद्दल थोडक्यात. कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची पेटी, जी उघडली की कॅनव्हासची खोली उभी राहते. एक प्रकार जमिनीवर कापडी तळ पसरणारा, दुसरा पेटीचे झाकणच उलटून पक्का तळ होणारा. स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, उंचावरचा पलंग, सगळे त्यात. ऑस्ट्रेलियात त्यांची वजने सातशे किलोपासून टनाच्या वर जातात, आणि ७५० किलोच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आता आपल्याकडे बघा. मारुती स्विफ्टचे स्वतःचे वजनच ९०० किलोच्या आसपास आहे. तिच्यामागे तेवढ्याच वजनाची पेटी लावून अनमोड घाट उतरणे म्हणजे ब्रेक तापवून घेणे. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किलोमध्ये लिहिलेली नसेल, तर हुक बसवूच नये; गॅरेजवाला बसवून देतो म्हणून गाडी ओढायला लायक होत नाही. ट्रेलरची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते, विमाही लागतो.

कागद जमले तरी रस्ता उरतो. गावातल्या वाटा चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून जातात. समोरून बस आली की मागे घ्यावे लागते, आणि ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. दिवाडी, चोडणला जायचे तर फेरीबोटीच्या उतारावर ट्रेलरचा दांडा घासतो. घरी आणून पावसाळ्यात शेडखाली उभा केला, तर आतला कॅनव्हास स्वॅगसारखाच कुजतो, चाकांचे बेअरिंग खाऱ्या हवेने धरतात आणि टायर एकाच जागी दबून चपटे होतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले. पलंग आणि ओटा हवाच असेल, तर तिकडे चालकासह कॅरॅव्हान भाड्याने घेऊन हौस भागवावी.

आता तंबू. पिशवीवर चार जणांचा असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ६० सेंटिमीटरच्या चार चटया एकमेकींना चिकटून. त्यात बॅगा नाहीत, पाण्याचा कॅन नाही, झोपेत आडवे होणारे मूल नाही. म्हणून चौघांना सहाचा. मध्ये उंची १८० सेंटिमीटरच्या वर असावी, नाहीतर पँट घालताना रोज छताला डोके लागते. वजन दहा किलोच्या आसपास, गुंडाळी डिकीत बसणारी.

दुहेरी कापड हवेच. आत जाळीची खोली, वर पावसाचे आवरण, मध्ये हाताची वीत मावेल एवढी मोकळी जागा. चार माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सहज लिटरभर बाष्प निघते. एकेरी कापडात ते छताला धरते आणि पहाटे अंगावर ठिबकते. लोकांना वाटते तंबू गळतो. दुहेरीत ते जाळीतून वर जाऊन बाहेरच्या कापडावर जमते आणि कडेने खाली उतरते. जाळी बारीक विणीची घ्यावी. डास अडवणारी साधी जाळी खाडीकाठच्या चिलटांना अडवत नाही.

पाणीरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब सोसते ते. वरच्या आवरणाला २००० ते ३००० पुरतात. तळाला ५००० च्या पुढे हवेत, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की पाणी दाबाने वर येते. तळाखाली ताडपत्री घालाल ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान ठेवा. बाहेर आलेली कड पावसाचे पाणी झेलते आणि थेट अंथरुणाखाली नेऊन सोडते. तंबूला नको तेवढी नावे ठेवली जातात त्यांतली अर्धी या एका चुकीमुळे.

काठ्या फायबरग्लासच्या असतील, तर साडेनऊ ते अकरा मिलिमीटर जाडीच्या बघा. त्या मध्ये सहसा मोडत नाहीत, सांध्याच्या धातूच्या नळीशी चिरतात. एक तुकडा नळीत पूर्ण न बसवता ताण दिला, की नळीच्या तोंडाशी कोवळ्या बांबूसारखी उभी चीर जाते आणि हाताला काचेचे कुसळ लागते. म्हणून प्रत्येक सांधा टक् असा बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जा. काठी कापडी नळीतून ढकलत न्यायची, ओढायची नाही. ओढली की आतल्या आत सांधा सुटतो. मोडलीच, तर काठीपेक्षा किंचित जाड अशी दहा-बारा सेंटिमीटरची धातूची नळी चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळावी. तो तुकडा पिशवीत असू द्या.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या गोव्यात निरुपयोगी आहेत. जांभ्यात त्या पहिल्याच घावाला वाकतात. वेल्डिंगवाल्याकडून दहा मिलिमीटर सळईचे ३० सेंटिमीटरचे बारा तुकडे कापून घ्या, एक टोक अणकुचीदार, दुसरे आकड्यासारखे वाकवलेले. किलोभर वजनाचा हातोडा बरोबर ठेवा. नदीकाठच्या वाळूत खुंटी धरतच नाही. तिथे पिशवीत वाळू भरून, तिला ताणदोरी बांधून, पिशवी चाळीस सेंटिमीटर खोल पुरायची. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात मात्र तंबू टाकू नका, पाणी सोडले तर पळायलाही वेळ मिळत नाही.

दिशेचा विचार बहुतेक जण करत नाहीत. किनाऱ्याच्या पट्ट्यात दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो. म्हणून जाळीच्या दोन खिडक्या पूर्व-पश्चिम ठेवल्या तर रात्रभर झुळूक आरपार जाते. पूर्वेला दाट झाड असावे, नाहीतर आठ वाजता आत भट्टी. डेकॅथलॉनच्या केचुआ या ब्रँडमध्ये ‘फ्रेश अँड ब्लॅक’ नावाचे काळ्या आतल्या थराचे तंबू मिळतात. उजेड ते छान अडवतात, मुले उशिरापर्यंत झोपतात. पण खिडक्या बंद ठेवल्या तर कोणतेही कापड गारवा देत नाही. झाड निवडताना माड आणि पोफळ टाळा. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक, पण वाळलेली झावळ आणि पोफळीची पोयही छत फाडून खाली येते. काजूखाली मार्च-एप्रिलमध्ये बोंडूंचा सडा, मुंग्या, आणि कपड्यांवर न निघणारे डाग. आंबा किंवा फणस बरा, फळांचा हंगाम सोडून.

स्लीपिंग बॅग घेऊ नका. चटई, त्यावर पातळ फोम, पांघरायला सुती गोधडी. एवढ्यात जानेवारीही निघतो.

जागेबाबत मोकळेपणाने सांगायला हवे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तंबूतला दिवा आणि शेकोटी पाहून पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. त्या किनाऱ्यांवर मुक्काम करूच नये. २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय झाले आहे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये. तिथे वनखात्याची परवानगी लागते. कुटुंबासाठी सर्वांत निर्धोक जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचे भाट (माडांची बाग) किंवा कुळागर, मालकाला विचारून; तंबू मात्र तिथेही माड-पोफळीखाली नको. विहीर जवळ, शौचालय जवळ, आणि रात्री काही झाले तर हाक मारायला घर.

परत आल्यावरचे काम अर्ध्या तासाचे, पण तेच तंबूचे आयुष्य ठरवते. खाऱ्या हवेत मुक्काम झाला असेल, तर साध्या पाण्याने चेन आणि काठ्यांचे सांधे धुवा. साबण वापरू नका. चेनचा सरकता भाग वाळूने झिजून तोंड उघडतो आणि चेन मागून सुटते. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की पुन्हा धरते. दातांवर मेणबत्ती फिरवा. तंबू सावलीत, दोरीवर, पूर्ण वाळवा, शिवणीसकट. मग कंपनीच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा, सिलिकाची पाकिटे घालून. माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच.

पावसाच्या आवरणाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि उष्ण दमट हवेत तो हळूहळू विरघळतो. ऑक्टोबरमध्ये तंबू उघडून आधी वास घ्या. आंबूस, उलटीसारखा वास आला आणि घड्या एकमेकींना चिकटून चर्र असा आवाज करत सुटू लागल्या, तर तो लेप गेला. त्यावर फवारा मारून उपयोग होत नाही, नवे आवरण आणावे लागते. जाळीची आतली खोली सहसा शाबूत असते; ती दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर मुलांसाठी मच्छरदाणी म्हणून उभी करता येते.